अर्जीत न घालायचा शब्द

मंडळी, आप्पा गेले म्हणून तुम्ही सगळे कामधंदा सोडून आलात. मला बोला म्हणता. जन्मभर मी दुसऱ्यांचं म्हणणं लिहून दिलं, स्वतःचं बोलायची सवय न्हाय. अडखळलो तर सांभाळून घ्या.

याच चिंचेखाली, नळदुर्गच्या कचेरीसमोर, गुरुलिंगआप्पा आणि मी शेजारी शेजारी बसून लोकांच्या अर्ज्या उर्दूत लिहायचो. काम कुठलंही असो, सुरुवात ठरलेली. गरीबपरवर. रहमदिल. साहेब कसा का असेना. आप्पा म्हणायचे, दत्तोबा, आपण हे शब्द पार झिजवले बघ.

मग तो पादरी आला. आठवतो ना? स्पेन नावाच्या मुलखातला. सोलापूरहून हैदराबादला निघालेला, तापानं इथंच अडकला. आप्पांनी त्याला घरी ठेवून घेतलं. नीलव्वा वैनींनी महिनाभर पेज पाजली. मी संध्याकाळी जायचो. बोरी नदीवरनं गार वारा यायचा, आणि तो मोडक्या हिंदुस्थानीत, झोपेत बोलावं तसं, दूर राहिलेल्या भावाबद्दल सांगायचा. भावाला तो एकच शब्द लावायचा. बोन्दादोसो. आतूनच भला असलेला माणूस. त्या संध्याकाळी खरंच झाल्या का मला स्वप्न पडलं, आजही मला सांगता यायचं न्हाय.

मला तो शब्द लई आवडला. पुढच्याच आठवड्यात एका धनगरीण बाईची मेंढरं कोंडवाड्यात अडकली. मी अर्जीच्या माथ्यावर ठोकून दिलं, बोन्दादोसो साहेब. साहेबांनी अर्थ विचारला, मी सांगितला. साहेब खूश. मेंढरं सुटली. मी हसत हसत परत आलो, आणि आप्पा आठ दिवस माझ्याशी बोलले न्हाईत.

नवव्या दिवशी म्हणाले, "मेंढरं सुटली, लई बरं झालं. पण तो शब्द तू कोंडवाड्यात घातलास, दत्तोबा. तोंडावर म्हटलं की त्याची अर्जी होते. हा शब्द माणूस उठून गेल्यावर म्हणायचा."

असा मी तो शब्द वापरायला शिकलो. भिस्ती पाणी देऊन वळला, की आप्पा पुटपुटायचे, बोन्दादोसो. मी मान हलवायचो. कधी मी म्हणायचो, ते मान हलवायचे. भिस्त्याला कधीच कळलं न्हाय.

पण मंडळी, एक गोष्ट मला आतल्या आत खात होती. संध्याकाळी मी दौत-कलम उचलून निघालो, की माझ्यामागं आप्पा काय म्हणत असतील? त्या अर्जीनंतर मला तो शब्द कोण लावणार? विचारायचीही सोय नव्हती. विचारलं असतं तर तीही अर्जीच झाली असती.

परवा वैनींना भेटायला गेलो. त्या म्हणाल्या, "भावजी, तुमी उठून गेलात की हे रोज एकच शब्द म्हनायचे. बोन्दादोसो. त्याचा अर्थ काय वो?"

मला सांगता आला न्हाय. रडू आलं. माझाच अर्थ मी कोणत्या तोंडानं सांगू?

वैनी इथं पुढंच बसल्यात. त्यांना आता कळला असंल.

आणि आता आप्पाच उठून गेलेत. इतकी वर्षं जे त्यांच्या तोंडावर म्हणता आलं न्हाय, ते म्हणायची आज मला मोकळीक आहे. उभे राहा मंडळी. मी एकदाच म्हणतो.

बोन्दादोसो.