सतरावी खुर्ची

सन्माननीय सभाध्यक्ष, व्यासपीठाची शोभा वाढवणारे आपले माजी राष्ट्राध्यक्ष, ज्यांना आम्ही जुनी माणसं अजूनही नुसतं ‘साहेब’ म्हणतो, राष्ट्रीय संग्रहालयाच्या संचालिकाबाई, आजचे सत्कारमूर्ती आपले मिस्त्री, पहिल्या रांगेत बसून ते कोट काढत नाहीत ना यावर नजर ठेवून असलेल्या वहिनी, आणि मघापासून घड्याळाकडे बघत असूनही सभ्यपणे बसून राहिलेल्या बंधुभगिनींनो,

मी या राष्ट्राध्यक्ष भवनातली निवृत्त लघुलेखिका. पंचवीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं टिपलं. स्वतः बोलायची संधी आज पहिल्यांदा मिळतेय, तेव्हा लवकर सोडेन अशी आशा कुणी बाळगू नये.

छत्तीस वर्षांच्या सेवेनंतर मिस्त्री आज सुतारखान्यातून निवृत्त होतायत. त्यांच्याविषयी बोल, असं मला सांगितलंय. पण माझ्याआधीचे पाचही वक्ते साहेबांविषयीच बोलले. देशात साहेबांचा प्रभाव, परदेशात साहेबांचा प्रभाव! बिचारे मिस्त्री मान डोलावत बसलेत. लग्न एकाचं आणि वरात दुसऱ्याची! पण मला दोघांविषयीही बोलता येईल, कारण दोघांची गाठ जिथे पडली तिथे मी हजर होते. उभी होते, असं म्हणणं जास्त बरोबर.

व्यासपीठावर या कोपऱ्यात लाल दोरीच्या आत, हार घालून जी खुर्ची ठेवलीय, तीच ती सतरावी खुर्ची. शाळेच्या पुस्तकात तिच्यावर धडा आहे. नव्या राष्ट्राध्यक्षांनी पहिल्याच बैठकीत सोळा खुर्च्यांच्या जोडीला सतरावी ठेवायला लावली, जो उभा असेल त्याच्यासाठी. धड्यात लिहिलंय की, साहेबांनी त्यावर कित्येक रात्री विचार केला होता.

साहेब, हसू नका. मी सगळं सांगणार आहे. माझं पेन्शन आता कुणी थांबवू शकत नाही.

त्याचं असं झालं. साहेब निवडून आले आणि बैठकीच्या खोलीसाठी सोळा नव्या खुर्च्यांचा हुकूम निघाला. मिस्त्री तेव्हा चोवीस वर्षांचे, हंगामी नोकरीवर. लग्नाला तीन महिने झालेले. सुतारखान्याची पद्धत अशी की, आधी एक खुर्ची नमुना म्हणून करायची, ती वर पाठवायची, पसंत पडली की बाकीच्या करायच्या. नमुना पसंत पडला. आमचे हे शहाणे उत्साहाच्या भरात पुढे सोळा करून मोकळे झाले! नमुना मोजायचाच राहिला. बैठकीच्या सकाळी खोलीत खुर्च्या लावल्या, तर टेबलाभोवती सोळा आणि भिंतीशी एक उरलेली.

तेव्हाचे भांडारप्रमुख, देव त्यांचं भलं करो, फार कडक. सरकारी सागवान वाया घालवलं, म्हणाले. उद्यापासून यायचं नाही, म्हणाले. मिस्त्री दाराशी उभे. नुसते हातातली मापपट्टी उघडत होते आणि मिटत होते. मी समोरच्या भिंतीला टेकून, तळहातावर वही धरून उभी. लघुलेखिकेने बैठकीत बसायचं नाही असा नियम होता. बसलं की डुलकी लागते म्हणे! सहा वर्षं मी उभ्याने लिहीत होते. पाय सुजायचे, पण सांगणार कुणाला?

तेवढ्यात साहेब आत आले. पहिलाच दिवस. त्यांनी सगळ्यांकडे बघितलं, भिंतीशी उरलेली खुर्ची बघितली आणि विचारलं, “ही खुर्ची कोणाची?”

भांडारप्रमुखांनी घसा साफ केला. साहेबांनी मिस्त्रींच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, “या बाई उभ्या आहेत. यांची असणार.” आणि भांडारप्रमुखांकडे वळून अगदी शांतपणे म्हणाले, “मीच सांगितली होती.”

मंडळी, साहेबांना मी दहा वर्षं जवळून पाहिलं. खोटं बोलताना पाहिलं ते एकदाच. आणि त्या खुर्चीत बसून मी जे पहिलं वाक्य लिहिलं ते हे: “सतरावी खुर्ची, अध्यक्षांच्या सूचनेवरून.” सरकारी दप्तरात धडधडीत खोटं! आज कबूल करते. मिस्त्रींची नोकरी टिकली, माझे पाय वाचले. दुसऱ्या दिवशी मिस्त्री ती खुर्ची गुपचूप घेऊन गेले आणि तिचा उजवा हात चांगला चार बोटं रुंद करून परत आणली. “ताई, वही टेकवायला,” एवढंच म्हणाले. त्या दिवशी मी घरी जाऊन रडले होते, हे त्यांना आज कळतंय.

पण साहेबांचं मोठेपण पुढे आहे. एकदा थाप मारली म्हणून ते थांबले नाहीत, ती खरी करत राहिले. परदेशात गेले, तर समोरच्या पंतप्रधानांमागे त्यांची दुभाषी बाई उभी, माझ्याहून वयस्कर. साहेब बोलणी सुरूच करेनात. “त्या बसल्या की सुरू करू,” म्हणाले. पळापळ झाली! एवढा मोठा महाल, पण जादा खुर्ची म्हणून मिळेना. शेवटी बागेतली आणली, पावसाने गंजलेली. ते छायाचित्र जगभर छापलं गेलं. आज सतराशे साठ परिषदा होतात, पण दुभाष्याला उभं ठेवायची कुणाची हिंमत नाही. इथेही पाहा, बँकेच्या दारातल्या पहारेकऱ्याला स्टूल मिळालं, कापड दुकानातल्या मुलींना बसायला मिळालं. आमच्या स्वयंपाकघरातसुद्धा! मी वाढायला उभी असायचे. एके दिवशी आमच्या ह्यांनी मुकाट्याने एक खुर्ची आणून टेबलाशी ठेवली. घरात माणसं पाच, पण त्या खुर्चीचं नाव सतरावीच.

मग एक परदेशी प्राध्यापक आले. या खुर्चीवर चारशे पानांचा ग्रंथ लिहीत होते. त्यांनी मिस्त्रींना विचारलं, ही घडवताना आपल्या मनात काय होतं? मिस्त्रींनी बराच विचार करून सांगितलं, “लाकूड होतं.” त्यावर त्यांनी एक अख्खं प्रकरण लिहिलंय!

आता थोडं कडू बोलते. साहेबांच्या गौरवार्थ ही खुर्ची उद्या संग्रहालयात, काचेच्या कपाटात जाणार आहे. संचालिकाबाई, आपला हेतू सोन्यासारखा आहे, राग मानू नका. पण गेल्या सोमवारी ती बैठकीच्या खोलीतून हलवली. मिस्त्रींनी तिच्या जागी दुसरी करून देतो म्हणून अर्ज केला. भांडारातून उत्तर आलं, “मंजूर संख्या सोळा.” आणि त्या दिवशीची बैठक तीन तास चालली. आताचे लघुलेखक, ज्यांना सगळे प्रेमाने ‘टिपकागद’ म्हणतात, वय चोपन्न, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, तीन तास भिंतीला टेकून लिहीत होते. ते तक्रार करणार नाहीत. मीही केली नव्हती. मला राग येतो तो याचाच! खुर्चीची पूजा आणि माणूस उभा, हा काय गौरव झाला?

लांब कशाला जायचं? मागे वळून बघा. त्या खांबाशी ते आत्ताही उभे आहेत, माझंच भाषण टिपतायत. टिपकागद भाऊ, लाजू नका हो.

अहो मिस्त्री, तुम्ही कुठे निघालात? सत्कार व्हायचाय अजून! वहिनी, त्यांनी कोट काढला बघा. दोरी सोडतायत! साहेब, आपण कशाला उठता? पडाल! संचालिकाबाई, जरा त्यांची काठी धरा… नाही, खुर्ची नका धरू, काठी धरा. हार राहू दे बाजूला. पुढच्या रांगेतल्यांनी पाय आत घ्या. एक शहाऐंशी वर्षांचे, एक साठीचे, दोघं मिळून उचलतायत, आणि एवढ्या तरण्याताठ्यांतला एक उठेल तर शपथ!

काय म्हणताय साहेब? जरा मोठ्याने. मंडळी, साहेब विचारतायत, “ही खुर्ची कोणाची?”

त्यांची, साहेब. त्या खांबाशी उभ्या असलेल्या माणसाची.

टिपकागद भाऊ, आढेवेढे घेऊ नका, बसा. वही खुर्चीच्या उजव्या हातावर टेका, जागा त्यासाठीच आहे.

मंडळी, आपण माझी बडबड गोड मानून घेतलीत, आपले उपकार. मिस्त्री, वहिनी, पुढचं आयुष्य सुखाने घालवा. बोलण्याच्या ओघात कुणाला लागलं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर मोजण्यात चूक झाली असं समजून पदरात घ्या.

बसलात ना नीट? मग एक ओळ लिहून घ्या: “सतरावी खुर्ची, अध्यक्षांच्या सूचनेवरून.” या खेपेला खरं आहे.