पेवातला आवाज

(दुधनीजवळचं खेडं. मोठ्या दुष्काळाला दोन वर्षं झालीत. अंगणात जमिनीखाली ज्वारी साठवायचं पेव आहे आणि पावसाचं पाणी त्यात झिरपलंय. कल्लप्पा दोर बांधून आत उतरलाय. दोराचं दुसरं टोक बैलाच्या मानेवरच्या जुवाला. वर त्याची बायको शांतम्मा आणि आई ईरम्मा.)

शांतम्मा – गप का झालात? बोलत ऱ्हावा की.

कल्लप्पा – पाटी भरायलोय. तोंडानं भरतीया का पाटी?

ईरम्मा – कल्लू, पेवात उतरलेल्यानं गप बसायचं नसतंय. आवाज थांबला की दोर वढायचा. तुजा बा जलमभर ह्येच सांगत गेला.

कल्लप्पा – पर बोलू काय?

शांतम्मा – आठ दिस घरात तोंड शिवून बसलात, तवा बी सुचलं न्हाय. आता बोला काय बी.

कल्लप्पा – मला न इचारता भावाला पोतंभर ज्वारी दिलीस. मग काय तुला ओवाळू?

शांतम्मा – त्याची लेकरं उपाशी हुती. बरं, भांडा. भांडलात तरी चालंल, आवाज येऊ द्या.

कल्लप्पा – धर, वढ पाटी. ही कोरडी हाय. खालची लई वास मारतीया.

ईरम्मा – कसला वास?

कल्लप्पा – आंबल्यागत. तळाला पाणी साचलंय.

ईरम्मा – कंदील बघ आदी. जळतोय का?

कल्लप्पा – जळतोय. बारीक झालाय जरा.

शांतम्मा – वर या तुमी.

कल्लप्पा – निम्मी ज्वारी खालीच हाय. पेरायचं बी पण त्यातच. दुष्काळात रेशनची ती लाल मिलो ज्वारी खाऊन आईचं पोट कसं धरलं हुतं, इसरलीस?

शांतम्मा – काय इसरले न्हाय. दुष्काळी कामावर खडी मी बी फोडलीया. वर या म्हणते न्हवं.

कल्लप्पा – दोन पाट्या. मग येतो.

शांतम्मा – आत्ती, पाऊस वाढला, पेवाच्या तोंडावर पोतं धरा, गल्लीचं पाणी आत चाललंय. अहो, कंदील हाय का?

कल्लप्पा – इझला. थेंब पडला वरनं.

ईरम्मा – थेंबानं न्हाय इझला, बाबा. काचंच्या आत कुटला थेंब जातोय? पेवात इखारी वारं धरलंय. वर ये.

शांतम्मा – मला लई भ्या वाटायलंय. अहो.

कल्लप्पा – हाय की. डोकं जड झालंय. जरा टेकतो.

शांतम्मा – टेकू नका. उभं ऱ्हावा. आपल्या लग्नात पाऊस आला, तवा जेवणाची पंगत कुटं हलवली?

कल्लप्पा – तुज्या... मामाच्या...

शांतम्मा – मामाच्या काय? गोठ्यात का माळवदाखाली? सांगा की. अहो, शिव्या द्या मला. भावाला दिली म्हणून शिव्या द्या.

ईरम्मा – शांते, आवाज थांबला गं.

शांतम्मा – बैल हाणा, आत्ती. हाणा.

ईरम्मा – चिखलात खूर घसरतंय त्याचं. चल बसव्या. चल माज्या राजा.

शांतम्मा – दोर ताणला. येतोय. हळू, भिंतीला घासतंय अंग. हात दिसला. धरला मी, धरला. थांबवा बैल.

ईरम्मा – कल्लू, मगा, माज्या लेकरा, डोळं उघड. श्वास हाय का गं?

शांतम्मा – ओठ निळं पडल्यात. तोंडावर पाऊस पडू द्या त्यांच्या. छाती चोळा तुमी. अहो. अहो, ऐका की.

ईरम्मा – खोकला. खोकला बघ त्यो.

कल्लप्पा – पाटी... खालीच ऱ्हायली.

शांतम्मा – ऱ्हाऊ दे.

कल्लप्पा – बी हाय तितं.

शांतम्मा – कुजू दे. मिलो खाऊ. परत खडी फोडू. आता त्या भोकात कुणी उतरायचं न्हाय.

कल्लप्पा – माळवदाखाली.

शांतम्मा – काय?

कल्लप्पा – पंगत. मामाच्या माळवदाखाली.

ईरम्मा – गप पड आता, लेकरा. वर आलास. आता बोलायला नगं.

शांतम्मा – न्हाय आत्ती. बोलू द्या त्यांना.