दोन दिवसांचा स्लॅब

(खाम नदीकाठची जुनी तीन मजली इमारत. गच्चीवर तिघं: वरच्या फ्लॅटमधल्या नीरजा, गळतीची कामं घेणारी विशाखा आणि तिचे वडील, म्हातारे मिस्त्री कडुबा.)

नीरजा: मग मला एवढंच सांग विशाखा, पाऊस थांबला सोमवारी आणि स्वयंपाकघरात ठिबकतंय बुधवारी. हे पाणी कुठलं?

विशाखा: तेच तर कळंना झालंय, ताई. तडा दिसतो बेडरूमवर, तो भरला. तीन दिवस तिथं पाणी साठवून ठेवलं, खाली थेंब नाही आला.

नीरजा: खालचे इंद्रजीत म्हणतात, नदीची ओल आहे.

विशाखा: नदीची ओल तिसऱ्या मजल्यावर कशी चढंल?

नीरजा: ते मलाही पटत नाही. पण तुझंही पटेनासं झालंय आता. दोनदा केलंस. शनिवारी सोसायटीची मीटिंग आहे. आज गळती सापडली नाही तर हे काम आणि शेजारच्या दोन्ही इमारती दुसऱ्याला देणार आहेत. मी किती दिवस तुझी बाजू घेऊ?

विशाखा: बाबा, तुम्ही तरी काही बोला. आल्यापासून नुसते येरझाऱ्या घालताय.

कडुबा: खडू हाय का?

विशाखा: हा घ्या. अहो, तिकडं कुठं रेघ ओढताय? तिथं तडा पण नाही.

कडुबा: ठोकून बघ.

विशाखा: पोकळ वाजतंय. इथंपण. बाबा, हे तर कठड्यापासून स्वयंपाकघरावरून पार टाकीपर्यंत गेलंय.

नीरजा: काका, वरून तर काहीच दिसत नाही. तुम्हाला कसं कळलं?

कडुबा: स्लॅब म्याच टाकला व्हता, ताई. या रेघेपस्तोर. पुढचा दोन दिसांनी टाकला. मधी जोड राह्यला, त्याच्यातून पाणी हळूहळू सरकत खाली येतंय.

नीरजा: म्हणजे सापडलं एकदाचं. शनिवारचं मी बघते.

विशाखा: थांबा ताई. बाबा, मी इमारतीचं नाव सांगितलं तेव्हाच तुम्हाला कळलं असंल. दोन पावसाळे गप्प बसलात? लोक मला नावं ठेवत होते.

कडुबा: लाज वाटली, माय. तू समद्यांला सांगती, माझ्या बापाचा स्लॅब गळत नाय.

विशाखा: मग अर्धा का सोडला?

कडुबा: काम टाकून पळालो. मिस्त्रीच नाय म्हणल्यावर बाकीचे बसून राह्यले. मुकादम गावाला गेला व्हता, त्याला सांगितलं, समदं एका दिसात झालं.

विशाखा: पळालात कुठं?

कडुबा: दवाखान्यात. तुझ्या आईला कळा सुरू झाल्या, असा निरोप आला.

विशाखा: पण आई तर म्हणते, मी झाले तेव्हा तुम्ही स्लॅबवर होता. लहानपणापासून तेच ऐकलंय. लई राग यायचा मला त्याचा.

कडुबा: म्याच तिला तसं सांगाया लावलं, मुकादमाच्या कानावर जाऊ नये म्हणून. मग तेच चालू राह्यलं.

विशाखा: मला काही समजंना. म्हणजे तुम्ही तिथं होता?

कडुबा: तुला पयल्यांदा म्याच घेतलं. हाताला सिमिट तसंच व्हतं, सिस्टर लई वरडली.