जुनं नाव कंपनीचं

दाढ ठणकत असल्याने गाल धरून बसलेल्या शिक्षिकेला शेजारच्या दोघा भावांचं भांडण ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. डॉक्टरांच्या दाराआडून यंत्राची घरघर येत होती.

"दादा, वाचनालयांना उद्या सॉफ्टवेअर द्यायचंय. सगळं तयार आहे, अडलंय फक्त नावावर."

"मग ठेवा की."

"तू ठेवू देतोस का? 'पानवाट'ला नाक मुरडलंस. 'ग्रंथसखा' म्हणे शिळं."

"शिळंच आहे."

"अरे, कंपनीने जुन्या सॉफ्टवेअरच्या, सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडला कुलूप घातलं, म्हणून इतक्या लोकांनी फुकटात राबून ही वेगळी आवृत्ती उभी केली. आता बिननावाची पाठवू?"

"जुनंच नाव ठेवा."

"ते कंपनीच्या मालकीचं आहे! वकिलाची नोटीस येईल."

"ठेवलं मी होतं. तेव्हा कुठे होती कंपनी?"

शिक्षिकेचा गालावरचा हात खाली आला.

"माहितीये, दादा. पण किती दिवस अडून बसणार? मी सगळी नावं आपल्या लोकांच्या मतदानाला टाकतोय. तू मत देऊ नकोस."

"आणि जिंकेल त्याला छान म्हणू?"

"तेवढं तरी जमेल?"

"माझा दात काढल्यावर विचार. तोंडात कापसाचा बोळा असेल, नुसती मान हलवेन."