शेनिनच्या घडाला भाऊजींचा हात

"भाऊजी, तो औषधाचा मग खाली ठेवा!" मी बांधावरनंच ओरडले.

"अवो वैनी, मणी लई बारीक हायत, जरा फुगू देत की," म्हणत माझ्या धाकट्या दिरानं आणखी एक घड औषधात बुडवला.

आता तुम्हीच सांगा, डोकं फिरणार नाही तर काय! आमच्या शिरोळकडं खायच्या द्राक्षांचे घड संजीवकात बुडवून मणी टपोरे करायची सगळ्यांनाच सवय. पण दोन हजार सालानंतर मी लावली होती शेनिन ब्लां, वाइनची पांढरी द्राक्षं. तिचे मणी मुळातच एकमेकांना खेटलेले. फुगवले की आतल्या आत फुटतात आणि अख्खा घड सडतो. आदल्या वर्षी याच शहाण्यानं न विचारता एक ओळ बुडवली होती, ती सगळी मी उकिरड्यावर टाकली. शेनिन कळावी म्हणून मी पिकायच्या दिवसांत रोज एक मणी चावत होते, सालीचा आंबटपणा, बियांचा रंग वहीत लिहीत होते. आणि हा परत बादली घेऊन हजर!

"असली वाटाण्याएवढी द्राक्षं बघून पावणं हसत्यात आमाला," तो म्हणाला.

"हसू देत. सडल्यावर रडायला येणार हायत का ते?"

"तीस वरसं बागा केल्यात मी! चौथीत शाळा सोडलेल्या बाईला काय कळतंय त्यातलं?"

मी बादली उचलून बांधावर पालथी केली आणि म्हटलं, "भाऊजी, मला कळत न्हवतं म्हणून मी शिकले, तुमाला आधीच सगळं कळतंय, त्याला मी काय करू?"