घरच्या वापराचं पाणी

(नरडाण्याजवळचं एक गाव, १९९१चा जून. अंगणवाडीची एकच खोली. सकाळचे साडेआठ; मुलं अजून यायची आहेत. सेविका प्रमिलाबाई आणि धुळ्याहून आलेले युनियनचे देवचंद.)

देवचंद – म्हणजे अक्षर तुमचंच आहे.

प्रमिलाबाई – माझंच. सहीही माझीच. नाही कशाला म्हणू, देवचंदभाऊ.

देवचंद – सरकारच्या वकिलानं तुमच्या जबाबाची ही नक्कल दाखल केली, तेव्हा मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं वाचतोय. ऐका. “अंगणवाडी सुटल्यानंतर मदतनीस सुंदरबाई ह्या घरच्या वापराचे पाणी काढण्यास गावविहिरीवर गेल्या असता तोल जाऊन पडल्या व मयत झाल्या. त्या वेळी अंगणवाडीचे कोणतेही काम चालू नव्हते.”

प्रमिलाबाई – बरोबर वाचलंत.

देवचंद – आणि हे खरं आहे?

प्रमिलाबाई – तुम्ही गावात चार घरं फिरून आलात. तुम्हाला ठाऊक आहे.

देवचंद – मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.

प्रमिलाबाई – साडेनऊ वाजले होते. एकतीस मुलं इथं ह्या सतरंजीवर बसलेली. खिचडीचं पातेलं चुलीवर. सुंदरबाईंनी एक घागर आणून ओतली, ती पुरेना. मी म्हटलं, अजून एक आणा. त्या म्हणाल्या, बाई, पाणी लई खाली गेलंय, जरा दम खाऊ द्या. मी म्हटलं, मुलं भुकेली आहेत. एवढंच बोलणं झालं. नऊ वर्षं एका खोलीत काम केलं आम्ही, आणि शेवटचं बोलणं हे.

देवचंद – मग असं का लिहून दिलंत?

प्रमिलाबाई – तिसऱ्या दिवशी मुख्यसेविका सुनंदाबाई आल्या. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. पहिल्या कागदावर शाई सांडली म्हणून पुन्हा लिहिलं. दुसऱ्यांदा अक्षर जास्त चांगलं आलं, बघा ना.

देवचंद – धमकी दिली?

प्रमिलाबाई – धमकी कसली. शांतपणे बोलल्या, चहा घेतला. म्हणाल्या, प्रमिला, तू काही सरकारी नोकर नाहीस, मानसेवी आहेस. नोकराला काढायचं तर नोटीस लागते, चौकशी लागते. तुला फक्त ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणायचं. नवऱ्यानं टाकलेली बाई मी, भाऊ. भावाच्या ओट्यावर राहते. ह्या कामामुळे वहिनी तेवढी जागा देते.

देवचंद – ह्याच एका वाक्यासाठी आम्ही तीन वर्षं भांडतोय. नोकर नाहीस. सोमवारी धुळ्याला कामगार अधिकाऱ्यासमोर सुनावणी आहे. त्यांचं म्हणणं एकच, ह्या बाया समाजसेवा करतात, काम नाही. आपल्याकडे नऊशे बायांच्या सह्या आहेत, ठराव आहेत, मोर्चाचे फोटो आहेत. फोटोनं काही सिद्ध होत नाही. पण एक बाई कामावर असताना गेली, हे एकदा कागदावर आलं, तर ती काम करत होती हे त्यांना मान्य करावं लागेल. मग बाकीच्याही काम करतात, हेही.

प्रमिलाबाई – मेल्यावर कामगार.

देवचंद – हो. जिवंतपणी आम्हाला जमलं नाही.

प्रमिलाबाई – त्या वेळी विहिरीवर बेबाबाई होत्या. सुमनबाईही.

देवचंद – भेटलो दोघींना. बेबाबाईंचा मुलगा ग्रामपंचायतीत शिपाई, त्यांनी हात जोडले. सुमनबाई म्हणतात, मी त्या दिवशी माहेरी होते. तुम्ही उरलात.

प्रमिलाबाई – आणि मला काढलं, तर युनियन काय करेल?

देवचंद – निवेदन देऊ. तहसीलीसमोर बसू. त्यानं तुम्ही परत कामावर याल, असं मी म्हणणार नाही. गिरणीत होतो तेव्हा असं मोठ्या तोंडानं म्हणायचो. आमच्या खात्यातले अकरा जण माझ्या शब्दावर गेटबाहेर बसले. ते बाहेरच राहिले. त्यातला एक मला बाजारात बघून दुसऱ्या गल्लीत वळतो.

प्रमिलाबाई – कोरा कागद आहे?

देवचंद – ताई, घाई नको. आज विचार करा.

प्रमिलाबाई – चौदा महिने झाले. रोज पातेलं चढवलं की कानात येतं, जरा दम खाऊ द्या. आणा तो कागद. पेन आहे माझ्याकडे.

देवचंद – सावकाश लिहा. तारीख वर घाला.

प्रमिलाबाई – घ्या. वाचून बघा, काही राहिलं का.

देवचंद – “मी पाठविले म्हणून त्या गेल्या. अंगणवाडी चालू होती. पाणी मुलांचे होते.” ताई, काही राहिलं नाही. एवढंच पाहिजे होतं.

प्रमिलाबाई – दारात कोण? नाना, या, आत या. देवचंदभाऊ, हे उखर्डूनाना. सुंदरबाईंचे मालक.

उखर्डू – रामराम, भाऊ. माले समजनं, तुम्ही येल शेतस. बाई, तू काही लिखी दिधं का?

प्रमिलाबाई – जे झालं ते लिहिलं, नाना. उशीर केला, पण लिहिलं.

उखर्डू – नको देऊ. फाडी टाक.

देवचंद – नाना, हे तुमच्याच बायकोसाठी आहे.

उखर्डू – माले माहीत शे. तिले विहिरमाईन मीच काढं, भाऊ. पन मी बी अंगठा दिधा शे.

देवचंद – तुमचा अंगठा? कुठल्या कागदावर?

उखर्डू – दुसरा कागद व्हता. घरनं पानी भराले गयी व्हती, असंच लिखेल. सुनंदाबाईना वरना सायेबनी वाची दाखाडं. मी अंगठा लाया.

देवचंद – कशासाठी, नाना?

उखर्डू – सूनसाठे. सुंदरनी जागावर त्यास्नी कलाबाईले लिधं. मना पोऱ्या सुरतले गया, तो परत उना नही. घरमा ती, तिना दोन लेकरं, नि मी. माले डोयासले नीट दिसत नही. सालदार गडी म्हनीसन आते कोन ठेवी माले? ही बाई सोमवारले धुळाले गयी, का दुसरा दिन कलाबाई घर बसनी.

प्रमिलाबाई – मला तुम्ही कधी बोलला नाहीत. मला वाटलं, साहेबांना दया आली.

उखर्डू – कसं बोलू.

देवचंद – म्हणजे कलाबाई आता त्याच विहिरीवर जाते.

उखर्डू – दुसरी कोठे शे? मी जास ना तिना संगे. तिना कंबरले दोर बांधस, टोक मना हातले गुंडाळी लेस. ती वाकस, मी मांगे बठस, पाय रोईसन. लोके हासतस, सासरा सुनले ढोरना मायक बांधस. हासू दे.

देवचंद – नऊशे बाया आहेत, नाना. त्या सगळ्यांचं ह्या एका कागदावर आहे.

उखर्डू – व्हई भाऊ. मी नही म्हंत नही. पन मनाजोडे ही एकच सून शे.

प्रमिलाबाई – देवचंदभाऊ, तो कागद परत द्या.

देवचंद – सोमवारी दुसरा साक्षीदार नाही, ताई. आपला अर्ज निकालात निघेल.

प्रमिलाबाई – निघू द्या. एकीला मी पाणी आणायला पाठवलं. आता दुसरीला घरी पाठवू?

देवचंद – घ्या.

उखर्डू – मी फाडू का, बाई?

प्रमिलाबाई – नको. मी लिहिलंय. मीच फाडते.

देवचंद – मग मला तिथं उभं राहून सांगावं लागेल, की त्या घरचं पाणी भरायला गेल्या होत्या. निदान, तसं नव्हतं असं म्हणायला आमच्याकडे कुणी नाही.

प्रमिलाबाई – तसंच सांगा. आणि पुढच्या सभेला मला बोलावू नका. येऊन कुठं बसू मी त्या बायांमध्ये?

देवचंद – येतो मी, ताई. साडेनऊची एसटी आहे.

प्रमिलाबाई – या. नाना, उठा आता. कलाबाई घागर घेऊन निघाली.