दोन वाजता आलेला माणूस

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टर प्रतापकाका, व्यासपीठावर बसलेल्या कांचनवहिनी आणि सौमित्र, जिच्यासाठी आपण जमलो ती एब्बा, आणि ज्यांचं लक्ष केव्हाच मागच्या जेवणाच्या टेबलांकडे गेलंय असे हर्नडनचे तमाम मराठीजन,

मी शैलेंद्र, मंडळाचा सेक्रेटरी. दोनच मिनिटं घेतो. हसू नका.

एब्बा २००५ साली स्वीडनहून इथे अमेरिकेत कांचनवहिनींची मुलं सांभाळायला आली. तिकडे ती भावाच्या गॅरेजमध्ये कीबोर्डवर गाणी रचायची, स्वीडिशमध्ये रॅप करायची आणि सीडी बर्न करून मित्रमंडळींत वाटायची. इथे आल्यावर तेच सगळं वहिनींच्या बेसमेंटमध्ये सुरू झालं. खाली धडधड, वर वहिनींच्या नवऱ्याचा, आपल्या सौमित्रचा कॉन्फरन्स कॉल. "यार, क्लायंट विचारतो, घराचं काम काढलंय का," असं हा मला रडून सांगायचा. आता गाडीत कुणाची सीडी लावतो, विचारा त्याला.

गेल्या गणपतीत तिचं गाणं ठेवलं. न्यूयॉर्कच्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने तिची गाणी इंटरनेटवर ऐकली होती. तो प्रत्यक्ष ऐकायला येणार होता. आवडलं तर अल्बम. प्रतापकाकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "भजन म्हणणार आहे ना?" मी म्हटलं, "त्याच वळणाचं." काका, थाप मारली होती.

काय गायली पोरगी! शोभनामावशी गुडघ्याचं ऑपरेशन विसरून नाचल्या. पण त्या माणसासाठी पहिल्या रांगेत ठेवलेली खुर्ची रिकामीच राहिली. पुढे चार महिने बेसमेंटमधून आवाज नाही. "एवढ्या लांबून यावं इतकं माझं गाणं चांगलं नसेल," असं ती वहिनींना म्हणाली. परवा तिचा व्हिसा संपतोय, आणि कीबोर्ड ती वहिनींच्या निधीला देऊन चाललीय. म्हणे, आता नाही लागणार.

निधीबाळ, तू शेजारी बसून एब्बाला ट्रान्सलेट करतेयस ना? आता नीट कर.

पत्रिकेवर आपण 'दोन वाजता' छापतो. म्हणजे साडेचार, हे इथे कुणाला सांगावं लागतं का? त्या दिवशी दोनला हॉलवर मी एकटा होतो. हॉल शाळेचा, खुर्च्या लावायला शाळाच माणूस पाठवणार होती. दोनच्या ठोक्याला जीन्समधला एक गोरा दारात उभा. वेळेवर आलाय म्हणजे पाहुणा नक्कीच नाही, असं मी धरून चाललो. "मी शोसाठी आलोय," तो म्हणाला. मी म्हटलं, "आम्हीही सगळे त्यासाठीच आलोय," आणि खुर्च्या दाखवल्या.

भल्या माणसाने दीडशे खुर्च्या लावल्या. मग दोनदा विचारलं, सुरू कधी होणार? दोन्ही वेळा मी म्हटलं, झालंच. चारला तो निघाला, विमान होतं. जाताना एक कार्ड दिलं, ते मी न बघता झब्ब्याच्या खिशात घातलं.

झब्बा पुन्हा काढला दिवाळीला. तेव्हा कार्ड वाचलं, तर त्यावर त्या रेकॉर्ड कंपनीचं नाव. फोन केला, पण तोवर त्यांनी दुसरी मुलगी घेतली होती. तुला सांगायची माझी हिंमत झाली नाही, एब्बा. मला फार लाज वाटते.

का थांबलीस, निधी? "काका, रियली?" काय विचारतेस? हो, रियली. सांग तिला. तो आला होता. दोन तास थांबला होता.

अध्यक्षांचे, वहिनींचे आणि अजून न उठलेल्या सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर तुम्ही सवयीने पोटात घालालच. एब्बाने मला माफ केलं नाही तरी चालेल, पण कीबोर्ड घेऊन जावा.

निधी, तुला मी दुसरा घेऊन देतो.